कवळी वाटू नका, बसवून द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात दातांची लॅब चालवतो. डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या, कॅप, ब्रिज करून देतो. सत्तावीस वर्षं झाली या कामाला. आपण याच जिल्ह्यातले, राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्या आपल्या पायाखालच्या, म्हणून हे आपल्यालाच लिहावंसं वाटलं.

माझी आत्या गारगोटीजवळच्या एका खेड्यात राहते. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी एका मोफत शिबिरात तिला कवळी मिळाली. एकदा माप घेतलं, आठ दिवसांनी कवळी हातात दिली, फोटो काढला, संपलं. तुला कशाला त्रास, म्हणून तिनं मला कळवलंही नाही. श्रावणात गेलो तेव्हा तिच्या ताटात दुधात कुस्करलेली भाकरी होती आणि कवळी देव्हाऱ्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली. "लई टोचतंय रं. बोलाय गेलं की खालची उचलती. मी आपला कुस्करून खातो."

कवळी उजेडात धरून पाहिली. खालच्या कवळीची कड जिभेकडच्या बाजूला नको तेवढी लांब राहिली होती. दोन्ही कवळ्या एकमेकींवर ठेवल्या तर डावीकडचे दात आधी टेकायचे, उजवीकडं फट. अशी कवळी घास चावताना एका अंगानं उचलते आणि दुसऱ्या अंगानं हिरडी सोलते. आत्याच्या हिरडीवर भाताच्या शिताएवढी जखम होती.

साहेब, दात गेले की जबड्याचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात वेगानं, पुढं जन्मभर हळूहळू. खालचं हाड तर वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो, ती चिकटून बसते. खालचीला मिळतो हाडाचा अरुंद वरंबा, त्यात जीभ तिला सारखी ढकलत असते. म्हणून कवळी एका मापात होत नाही. आधी ढोबळ माप घ्यायचं, त्यावरून त्या माणसापुरता ट्रे, म्हणजे माप घ्यायचं भांडं, बनवायचा आणि त्या ट्रेनं बारीक माप घ्यायचं. तिसऱ्या खेपेला मेणाचे कठडे तोंडात ठेवून डॉक्टर बाइट घेतात, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर, कसे मिटतात ते ठरवतात. ही उंची जास्त झाली तर बोलताना दात वाजतात. कमी झाली तर तोंड आत गेल्यासारखं दिसतं, ओठांचे कोपरे चिरतात. चौथ्या खेपेला मेणात दात लावून ट्रायल, आणि मग कुठं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, शिजवून पाचव्या खेपेला कवळी हातात येते.

खरं काम तिथून पुढं असतं. चार दिवस जेवल्यावर कुठं टोचतं ते कळतं. तेवढीच जागा घासायची, पुन्हा घालून बघायची. ही घासाघीस कुणी केली नाही की कवळी डब्यात जाते. आत्यासारखे डबे मी खूप पाहिलेत.

ती कवळी मला घासता आली नसती. रुग्णाच्या तोंडात हात घालणं हे दंतवैद्याचं काम, कायद्यानं तसं ठरलेलं आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून आत्याला कोल्हापूरला डॉक्टरांकडं आणलं, नवी कवळी केली. एकूण सहा खेपा. एसटीला तिला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी झाली की तेही लागणार नाही, त्याबद्दल सरकारचे आभार. पण तिला धरून आणणाऱ्या सुनेच्या सहा हजेऱ्या बुडाल्या. गगनबावड्याच्या, आजऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांना सहा वेळा कोण आणणार?

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून काठी, चष्मा, श्रवणयंत्राच्या बरोबरीनं कवळीही आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशी साधनं घ्यायला ३००० रुपये मिळतात. तिच्या यादीत चष्मा आहे, गुडघ्याचा पट्टा आहे, कमोड खुर्ची आहे, पण कवळी नाही. ते खातं आपलं नाही, सामाजिक न्यायचं आहे. तरीही आरोग्यमंत्र्यांनी शब्द टाकावा. ज्याला चावता येत नाही तो डाळ, शेंगदाणे, काकडी सोडतो आणि मऊ भात, चहा-बिस्किटावर राहतो. त्यात मधुमेह असला तर आपल्याच खात्याची गोळी वाढते.

पण नुसतं यादीत नाव घालून भागणार नाही. पैसे किंवा वस्तू वाटली की पुन्हा शिबिरं होतील आणि पुन्हा डबे भरतील. माझी मागणी अशी की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांची खुर्ची आणि डॉक्टर असावेत, आठवड्यातला एक वार कवळीसाठी राखून ठेवावा आणि पाचही खेपा तिथंच व्हाव्यात. माप एसटीच्या पार्सलनं लॅबला येऊ शकतं, म्हाताऱ्या माणसानं यायची गरज नाही. कवळी दिल्यावर निदान तीन वेळा तपासल्याची नोंद झाल्याशिवाय ते प्रकरण पूर्ण धरू नये.

खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेले स्क्रू, आणि त्यांवर बटणासारखी बसणारी कवळी, हाच पहिला पर्याय असावा असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटलंय. तेवढं मी आज मागत नाही. साधी कवळी, पण नीट बसलेली, एवढंच मागतो. आणि जो दात रूट कॅनाल करून वाचण्यासारखा आहे, तो सोय नाही म्हणून उपटला जाऊ नये. चांगल्यात चांगल्या कवळीलाही स्वतःच्या दातांच्या जोराचा जेमतेम चौथा हिस्सा येतो.

आणखी एक काळजी. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटख्यानं तोंड आखडलेल्या चाळिशीतल्या माणसांची मापं माझ्याकडं येतात. दोन बोटंही आत जात नाहीत, मापाचा ट्रे कापून लहान करावा लागतो. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात हे सुरू करायचं ठरवलंत, तर पहिल्या पंचवीस माणसांच्या कवळ्या मी मजुरी न घेता करून देईन. दात आणि अ‍ॅक्रिलिकचा खर्च तेवढा रुग्णालयानं करावा. कोणत्या वारी मापं येणार, एवढं कळवलं की झालं.

आपला,
एक दंत तंत्रज्ञ, कोल्हापूर