साहेब, आमची शिरगणती नक्की कुठल्या राज्यात करणार?

मा. महसूलमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या आणि दोन्ही राज्यं आपली म्हणतात अशा 14 गावांबद्दल लिहितोय, परमडोली, महाराजगुडा, मुकदमगुडा, अंतापूर वगैरे, नावं तुमच्या फायलीत असतीलच. आमच्याकडं एका गावाला दोन सरपंच, बऱ्याच घरात दोन रेशनकार्डं, दोन मतदानकार्डं, एक जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि एक तेलंगणाची. बाहेरची पोरं येतात, रील बनवतात आणि म्हणतात मजाय राव तुमची, सगळं डबल.

डबल मिळतं, लपवायचं काय त्यात. तेलंगणाची म्हाताऱ्यांची पेन्शन 2016 रुपये, आपली श्रावणबाळ 1500. तिकडं रेशनचा तांदूळ माणशी 6 किलो आणि तोही बारीक, आपल्याकडं माणशी 5 किलो धान्य. पण शेताचा पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, ना हे देत ना ते. जमीन वनखात्याच्या नावावर, त्यामुळं पीककर्ज नाही, कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, न्यावा तर सातबारा मागतात, मग व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा आणि गप घरी यायचं.

वनहक्काचा दावा टाका म्हणतात. आमच्यातले बरेच लोक मराठवाड्यातून पोटासाठी आलेले, आदिवासी नाहीत, त्यांच्याकडं तीन पिढ्यांचा म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागतात. अहो साहेब, आमचा भाग ज्यात होता तो राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, अदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि आमची गावं महाराष्ट्राची हे सुप्रीम कोर्टात ठरायला 1997 उजाडलं, सरकारलाच आमचा पत्ता माहीत नव्हता तर आम्ही 75 वर्षांचा कागद कुठल्या कचेरीतून आणायचा?

जुलै 2025 मध्ये सरकारनं जाहीर केलं की ही 14 गावं महाराष्ट्रात घेणार. बातमी वाचून हसावं का रडावं कळेना, कारण कोर्टाच्या हिशोबानं आम्ही आधीपासूनच महाराष्ट्रात आहोत की. बरं घेताय तर घ्या, पण त्यानंतर कागद कुठाय?

आता जनगणना आलीय, 1 मार्च 2027 ही गणनेची तारीख, आणि त्यासाठी गावांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या. त्या गोठलेल्या नकाशात आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात आहोत का तेलंगणाच्या आसिफाबाद जिल्ह्यात का दोन्हीकडं, हे एकदा लेखी सांगा आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. दोन्हीकडचे प्रगणक आले तर माणूस दोनदा मोजला जाणार, म्हणजे लोकसंख्या कागदावर दुप्पट आणि जमीन तेवढीच शून्य. आणि लोक खरं सांगतील असं समजू नका, इकडं नाव लागलं की तिकडची पेन्शन तुटेल ही भीती घराघरात आहे, ती भाषणानं जात नसते. मराठी अस्मिता आम्हाला पण आहे हो, पण म्हातारीचे 2016 रुपये बंद करून नुसती अस्मिता कशी देणार तिला?

म्हणून एकच मागणं, प्रगणक दारात यायच्या आधी परमडोलीत शिबिर लावा, ज्याची जी वहिवाट आहे ती मोजा आणि पट्ट्याचं काम तिथंच चालू करा. एकदा सातबारा हातात पडला की कुठल्या राज्याचे म्हणून कुणाला विचारावं लागणार नाही, लोक स्वतः होऊन तिकडचं कार्ड परत करतील, निदान मी तरी करीन. आणि येताना तलाठी आणि वनखात्याचा माणूस एकाच गाडीत आणा, वेगवेगळे आले की एकमेकांकडं बोट दाखवतात.

आपला,
जिवती तालुक्यातला एक बिनसातबाऱ्याचा शेतकरी