पैसे पाण्यात

इचलकरंजी
कार्तिकी एकादशी

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला निघताना तू जे पुटपुटलास ते मला ऐकू आलं नाही. कानाचं मशीन तेव्हा डबीतच होतं. पण ज्याच्यासमोर पुटपुटलास त्यानं 31 वर्षं मागावर काढलीत. ओठ दोनदा मिटले. 'पैसे पाण्यात.' शेडमध्ये चाळीस माग सुरू असताना आम्ही पगाराच्या, उचलीच्या, कुणाच्या घरच्या भांडणाच्या गोष्टी नुसत्या ओठांवर वाचायचो. तिथं तुझे दोन शब्द म्हणजे काय!

राग नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर ओठ दिसत नाहीत. म्हणून पत्र.

तर त्या दिवशीचं सांगतो. पंधरा माणसं, स्टीलची ताटं, सुमीच्या पोरांच्या टिकल्या, त्यात कुकर. मशीन सगळंच मोठं करतं. ताटावर वाटी आपटली की ती दातांत लागायची. तुम्ही सगळे बोलत होता, पण तुमच्यापेक्षा ताटं जास्त बोलत होती. माझा स्वतःचा घास चावल्याचा आवाज तर कुणी डोक्यात खडी फोडतंय असा. म्हणून काढलं. टाकून दिलं नव्हतं.

चूक माझीच होती. मशीन देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की पहिले काही दिवस घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलायचं, दोन-दोन तास, मग वाढवत न्यायचं. कान नाही, मेंदू सवय विसरलाय म्हणाल्या. मी पहिल्या आठवड्यातच दिवाळी गाठली. तूही 58 हजार भरलेस ते बोनसचे, आणि मी ते डबीत ठेवले. तुझ्या जागी मी असतो तर चार शब्द जास्तच बोललो असतो. चहा मात्र घेऊन जायचा होतास. कुंदामावशीनं मुद्दाम गवती चहा टाकला होता.

आता रोज सकाळी सात ते अकरा घालतो. संध्याकाळी परत दोन तास. मोरीतला नळ गळतो हे कळलं, वॉशर बदलला. मधल्या खोलीतलं घड्याळ बंद पडलंय असं मी धरून चाललो होतो, ते टिकटिकतंय. माझा आवाज मला अजून पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. स्वेटर डोक्यातनं काढताना हात लागला की शिट्टी मारतं, मग तुझी आई हसते.

आईचं सांगायचंच होतं. पहाटे उठताना ती 'आई गं' म्हणते. हळू, स्वतःशीच. खाली हात टेकून उठते आणि म्हणते. परवा पहिल्यांदा ऐकलं. विचारलं, कधीपासून दुखतात गुडघे? म्हणाली, तुमची रात्रपाळी होती तेव्हापासून. रात्रपाळी सुटून बारा वर्षं झाली, बाळू. मी शेजारीच झोपत होतो.

असो. मूळ मुद्दा वेगळा आहे, आणि तो लिहायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

तू टीव्ही 32 वर लावत होतास. सुमीनं दोनदा कमी केला, तू दोनदा वाढवलास. शेजारचे तात्या साठ म्हणाले, तू सात ऐकलंस आणि हिशेबावरनं वाद घातलास. आणि जेवणाआधी तू अंगणात असताना सुमी तुझ्या मागं पायरीवर उभी राहून तुला हाक मारत होती. माझ्या कानात काही नव्हतं, पण तिचं तोंड दिसत होतं. तीन हाका. तू वळला नाहीस.

दमला असशील. मोबाईलमध्ये असशील. पण प्रेस शॉपला, त्या पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या आवाजात, तुला सहा वर्षं झाली.

लोकांना वाटतं बहिऱ्याला ऐकू येत नाही. येतं रे, कळत नाही. 'बाळू' म्हटलं की 'आऊ' पोचतो. आधी बारीक आवाज जातात. स, त, क, ठ. पाखरं जातात. माझ्या तपासणीच्या कागदावर रेघ सरळ चालते आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांपाशी, विहिरीत उतरावी तशी खाली जाते. बाई रेघ बघूनच म्हणाल्या, काका, मागावर होता का? कानाच्या आत जे बारीक केस असतात ते एकदा गेले की परत उगवत नाहीत. मशीन त्यावर औषध नाही, नुसती काठी आहे.

आवाजाची मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल. 95 झालं की 4 तास. 100 ला 2 तास. हे नियमात आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्याला जी रोगांची यादी जोडली होती तिच्यात हा रोग होता, डॉक्टरनं वर कळवायचा रोग म्हणून. आमच्या शेडमधून कुणी कळवलं नाही, कारण तो रोग आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. दातारांनी 1904 साली गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथं कुणी हळू बोललं असेल असं वाटत नाही. मोठ्यानं बोलणं म्हणजे इचलकरंजी. पण तुमची कंपनी मोठी आहे, तिथं इअरप्लग फुकट मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. नुसते कानाच्या दारात अडकवून उपयोग नाही. शिफ्ट सुपरवायझरनंच घातले नाहीत तर हाताखालची पोरं काय घालणार?

झालं भाषण. माफ कर. तू काही दुधखुळा नाहीस. आयटीआयला तुझा पहिला नंबर आला तेव्हा मुकादमानं पेढे मागितले आणि मी त्याचं बोलणं न कळून नुसती मान हलवली, तो बिचारा आठवडाभर पेढ्यांची वाट बघत होता.

तुला आठवत नसेल, चार वर्षांचा असताना तू शेडमध्ये यायचा हट्ट केलास. दारातच दचकलास, माझ्या पायाला मिठी. मी कांडीवरचं रद्दी सूत घेतलं, बोळे केले आणि तुझ्या कानात घातले. मग तू खांद्यावर बसून धोटा इकडून तिकडं जाताना बघत राहिलास, टाळ्या वाजवत. सुताच्या बोळ्यानं तसा फारसा फरक पडत नाही, बाईंनीच सांगितलं. पण तेव्हा मला तुझे कान सुचले. माझे नाही सुचले, एकदाही.

पुढच्या शनिवारी मला मशीन सेट करायला परत बोलावलंय. तिथं कानाची तपासणी अर्ध्या तासात होते, बंद खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. तुझाही नंबर लावू का, असं विचारणार होतो. तू नको म्हणशील म्हणून विचारत नाही. लावलाय, साडेअकराचा.

आईनं खोबऱ्याच्या वड्या डब्यात वेगळ्या काढून ठेवल्यात, सुमीच्या पोरांपासून लपवून. गुडघ्याचं मी तुला लिहिलं हे तिला बोलू नकोस.

येताना 13 नंबरचे सेल आण, नारिंगी स्टिकरचे. इथल्या दुकानात संपलेत, आणि माझे आज-उद्यात जातील.

तुझे
अप्पा