शोभाताई एक तारखेपासून येतील

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी ठरलेलं सांगते, मग कारणं. येत्या एक तारखेपासून शोभाताई सकाळी घरी येतील. दोन्ही वेळचा स्वयंपाक, भांडी, केर-फरशी त्या करतील. त्यांचा पगार मी थेट त्यांना देईन आणि औषधांचे पैसे दर महिन्याला आईच्या खात्यात येतील. विचारून ठरवलं नाही, कारण "आमचं भागतंय" याच्यापुढे तुम्ही जात नाही. रागावू नका, पुढचं वाचा.

बाबा, तुम्ही म्हणालात की आपला खर्च सरासरीपेक्षा कमीच आहे. बरोबर आहे. २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरांत माणशी महिन्याला ६,९९६ रुपये निघाले आणि तुम्ही दोघं त्याच्या आतच आहात. पण मी नोकरीत दिवसभर हेच आकडे बघते, त्यामुळे तुमच्या डायरीच्या पानांचे फोटो आले तेव्हा नुसती बेरीज बघून माझं भागलं नाही.

त्याच पाहणीत शहरातल्या घरांचे शंभरातले जेमतेम चाळीस रुपये खाण्यावर गेले. १९९९-२००० साली अठ्ठेचाळीस जायचे. खाण्याचा वाटा घटला की घराची स्थिती सुधारली असं आम्ही मानतो, आणि देशाच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. तुमच्या डायरीतही तो वाटा घटलाय. पण दिवाळीनंतर त्यात 'फळे' हा शब्दच नाही, दूध एक लिटरचं अर्धा लिटर झालंय आणि औषधांचा रकाना फुगलाय. सुधारणेचं लक्षण म्हणून आम्ही जो आकडा दाखवतो, तो आपल्या घरात पोट मारून आलाय. आणि बीपीच्या गोळ्या महिन्याच्या असून दोन महिने पुरतात, हे मला तारखांवरून कळलं. एक दिवसाआड गोळी घेणं आजपासून बंद. यावर चर्चा नाही.

पेपरात महागाईचा दर उतरला की तुम्ही "मग आपले पैसे जातात कुठे?" म्हणत पुन्हा पुन्हा बेरीज करत बसता. हा दर ज्यावरून काढतात त्या, २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचं वजन शंभरात ४५.८६ होतं आणि आरोग्याचं फक्त ५.८९. ती अख्ख्या देशाच्या खर्चाची टोपली, तिच्यात धडधाकट पोरांची घरंही आली. तुमचा जवळजवळ चौथा हिस्सा औषधपाण्यावर जातो. तुमचा हिशेब चुकत नाही बाबा. तुमची टोपली वेगळी आहे.

आई, आता तुझं. वेळेच्या वापराची पाहणी करतात तेव्हा पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात. रविवारी फोनवर मी तुला तसंच विचारत होते. "साडेतीनला काय केलंस?" "काही नाही गं, जरा पडले होते, पडल्या पडल्या लसूण सोलला." २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ सरासरी २८९ मिनिटं आला, पुरुषांचा ८८. तुझे सव्वासात तास भरले. त्या गुडघ्यांवर.

दुकान चालू असताना श्रमबल पाहणीचं, म्हणजे कोण काय काम करतं ते विचारणारं, माणूस दारात आलं असतं तर तुझ्यापुढे २१ हा कोड लिहिला असता, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. म्हणजे काम करणाऱ्यांत गणना. शटर कायमचं ओढलं आणि तू ९२ झालीस, घरकाम, काम करणाऱ्यांच्या बाहेर. मी रोज तो ९२ बघते आणि मला तू दिसतेस, गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक बघत बघत माझ्याकडून एकोणिसाचा पाढा म्हणवून घेणारी. सतराला अडखळले की तू नुसती भुवई उचलायचीस. आकड्यांची गोडी मला तिथेच लागली.

बाबा, तुमचा आकडा ९४. पेन्शन, भाडं किंवा घरच्यांनी पाठवलेले पैसे यांवर राहणारे त्यात येतात. त्यात कमीपणा काही नाही, चाळीस वर्षं तुम्ही ११ होतात, स्वतःच्या धंद्याचे मालक. मुलीचे पैसे कसे घ्यायचे, हे माईआत्याच्या वेळचं आता नको. दादाने पाठवले असते तर घेतलेच असते ना? टोचलं असेल तर हे वाक्य सोडून द्या, पण पैसे परत पाठवू नका.

शोभाताई देवघराला आणि पितळी डब्यांना हात लावणार नाहीत. फोडणी कशी घालायची ते आईनेच सांगायचं. बाबांचा चारचा चहा बाबाच करतील, आल्यासकट. तुमच्या घरात तुमचंच चालेल, फक्त वाकायचं काम आईकडे राहणार नाही.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी केली, तिच्यात आजार आणि पैशांबरोबर आयुष्याबद्दल समाधानी आहात का, हेही विचारलं होतं. मी विचारलं की तुम्ही दोघं एका सुरात "मजेत" म्हणता. या वेळी जरा विचार करून, वेगवेगळं सांगा.

आई, गुरुवारी अकराला गुडघ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रिक्षा सांगितलीय, जिना सावकाश उतर. बाबा, तुम्ही बरोबर जायचं, आणि बाहेर पेपर वाचत बसायचं नाही. आत जायचं, आई "तसं बरंय" म्हणाली की रात्री किती वेळा उठते ते तुम्ही सांगायचं, आणि घरी आल्या आल्या मला फोन करायचा.

तुमची,
मनू