माझ्या फॉर्मवर नसलेला प्रश्न

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत मी आशा म्हणून काम करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का.

गेल्या महिन्यात अशीच एका घरी गेले. बाई ३८ वर्षांची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हात चालूच. बीपी बरंच वाढलेलं, गोळ्या मध्येच सोडलेल्या, मिश्री दिवसातून पाच-सहा वेळा. मिश्री बंद करा, असं मी नेहमीसारखं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मिश्री लावली की छातीतली धडधड जरा थांबते." ही धडधड कधीपासून, असं विचारलं आणि तिचे हात थांबले. लहानपणी वडील पिऊन आले की आईला मारायचे. शेजारी पळून जाता यावं म्हणून ही चप्पल घालूनच झोपायची. वडील जाऊन आता वीस वर्षं झाली. रात्री दाराची कडी वाजली की ती अजून दचकून उठून बसते.

हे लिहायला माझ्या फॉर्मवर रकाना नाही. 'तंबाखू : होय' एवढं लिहून मी बाहेर पडले.

अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो मोठ्या माणसांना त्यांचं लहानपण विचारलं होतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या ४ ते १२ पट होता. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे आणि यकृताचे आजारही जास्त. आणि ही काही झोपडपट्टीतली माणसं नव्हती, आरोग्य विमा असलेली होती. रोजच्या भीतीत वाढणाऱ्या मुलाचं शरीर सतत पळायच्या तयारीत राहतं. त्याने झोप बिघडते, पुढे रक्तदाबही. प्रत्येकाचं असं होतंच असं नाही. पण ज्यांचं होतं, त्यांना आम्ही फक्त 'सवय सोडा' म्हणतो.

त्याच बाईची मुलगी चौथीत आहे. वर्गात झोपते, म्हणून शाळेतल्या बाई तिला आळशी म्हणतात. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, वजन, डोळे, दात बघतं. कामाचंच आहे ते. पण रात्री झोप लागते का, हे त्या पोरीला कुणी विचारलेलं नाही.

महोदय, फॉर्ममध्ये नुसता एक प्रश्न वाढवू नका, ही हात जोडून विनंती. जखम उघडायची आणि पुढच्या दारात निघून जायचं, हे आमच्याकडून होणार नाही. आधी वस्तीतल्या आरोग्य केंद्रात समुपदेशक द्या, आणि तीच व्यक्ती दर आठवड्याला शाळेतही येऊ द्या. दर सहा महिन्यांनी बदलणारी कंत्राटी नको, मुलं एकदाच विश्वास टाकतात. आम्हा आशांना आणि शिक्षकांना ऐकून कसं घ्यायचं याचं प्रशिक्षण द्या.

आणखी एक. आमच्याकडे कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. ती बाई माझ्याशी मराठीत बोलत होती, पण चपलेचं सांगताना आपोआप तेलुगूवर गेली. माणूस नेमताना एवढं बघा.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, सोलापूर