आधी डॉक्टरचं नाव कळव

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तोडून बोललास, ते मी मनावर घेतलेलं नाही. स्वतःच्या कमाईतून, कुणापुढे हात न पसरता, पाच दिवस परदेशात जाऊन दात करून घेतोयस, याचा अभिमानच आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तुझ्या दातांना हात लावणाऱ्या डॉक्टरचं नाव काय? तू क्लिनिकचं नाव सांगितलंस, हॉटेलचंही सांगितलंस.

नाव आणि नोंदणी क्रमांक माग आणि त्या देशाच्या सरकारमान्य यादीत स्वतः शोध. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलची, ऑस्ट्रेलियात डेंटल बोर्डाची यादी कुणालाही घरबसल्या बघता येते. नोंदणी चालू आहे का, काही अटी घातल्यात का, ते तिथे कळतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर जाऊ नकोस, दोन दिवसांच्या कोर्सचंही प्रमाणपत्र मिळतं. ‘इम्प्लांट तज्ज्ञ’, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर दात बसवणारा, या पाटीवरही नको. ब्रिटनच्या कौन्सिलकडे इम्प्लांटची वेगळी तज्ज्ञ-यादीच नाही.

आणि एक्स-रे न बघता, नुसत्या फोटोवरून आठ कॅपा, म्हणजे दातांवरच्या टोप्या, ठरल्याच कशा? कॅपसाठी घासलेला दात पुन्हा भरून येत नाही रे. इम्प्लांटचा स्क्रू हाडात धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. पाच दिवसांत नक्की काय बसवणार, तात्पुरते दात की कायमचे, हे लिहून घे. परत आल्यावर बिनसलं तर कोण बघणार, तेही.

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस.

ओट्यावरून पडलास तेव्हा तू दुसरीत होतास. समोरचा पक्का दात अर्धा तुटला. अक्कानं तो तुकडा दुधाच्या वाटीत टाकला आणि वाटी घेऊन धावत सुटली. मला कळेना, हिला काय सुचलंय. डॉक्टर म्हणाले, बरं केलंत, ओला ठेवलात, आणि तोच तुकडा चिकटवला. तू हूं की चूं केलं नाहीस, नुसतं माझं मनगट धरून होतास. तेव्हापासून हसताना ओठ मिटतोस. म्हणून ‘करू नकोस’ असं मी म्हणतच नाही. मोकळं हसायचंय तुला, कळतं मला.

येताना एक्स-रे, इम्प्लांटची कंपनी, माप, बॅच क्रमांक, सगळं मागून घे. पुढे दुसऱ्या डॉक्टरला त्यावाचून अडतं.

पण आगाऊ पैसे भरण्याआधी ते नाव मला कळव. बाबांनी विमानाचं विचारलंय, ते नंतर सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई