मने कोणाची आणि कधी जिंकली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात पान तीनवर विज्ञानकथा संमेलनाची बातमी वाचली. चार कॉलम, तीन फोटो, आणि तिन्ही फोटोंत फेटेच फेटे. व्यासपीठावरच्या एकवीस जणांची नावे हुद्द्यांसकट छापली आहेत. शेवटून दुसरे वाक्य असे : 'बालकथाकारांनीही आपल्या कथा सादर करून उपस्थितांची मने जिंकली.' हे वाक्य मी तीनदा वाचले, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले. आपला वार्ताहर त्या सभागृहात होता की नव्हता, एवढेच विचारायचे आहे. होता असे धरून चालतो, कारण जेवणाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. भज्यांची परात त्याने माझ्याकडे सरकवली, त्याबद्दल आभारी आहे.

त्या बालकथाकारांपैकी एक माझी नात. सहावीत आहे. दोन्ही दिवस मी तिला घेऊन गेलो होतो. शनिवार छानच गेला, तेही लिहितो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो असे व्हायचे. कॉलेजच्या मुलांनी दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडून डाग दाखवले. जुन्या पुस्तकांच्या टेबलावर मला 'नवल'चा एक दिवाळी अंक चाळीस रुपयांना मिळाला. मुखपृष्ठ नव्हते, पण वास तोच. आमच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी लागली ती 'नवल', 'धनंजय' अशा दिवाळी अंकांतून. वर्षाचे अकरा महिने वाट बघायची आणि दिवाळीत फराळापेक्षा आधी ते संपवायचे.

रविवारी साडेअकरा ते साडेबारा बालकथावाचन होते. आठ मुले, प्रत्येकी सात मिनिटे. समारोप संध्याकाळी चारला. पण समारोपाच्या पाहुण्यांना दुपारचे निपाणीचे लग्न गाठायचे होते, म्हणून ते सव्वाअकरालाच हजर झाले. संयोजकांनी लगेच समारोप उरकून घेतला. म्हणजे आधी समारोप आणि मग कार्यक्रम. विज्ञानकथा संमेलनात काळप्रवास एवढा प्रत्यक्ष बघायला मिळेल असे वाटले नव्हते!

चौदा जणांना फेटे बांधले. मी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, कापड बघितल्याशिवाय राहवत नाही. एका फेट्याला चार मिनिटे. चौदा चोक छप्पन्न. मुलांचा तास तिथेच संपला. शाली तर इतक्या पातळ की खालून नारळाची शेंडी दिसत होती. वडगाव-शहापुरात एवढे माग असताना असले कापड कुठून पैदा केले कोण जाणे.

मग भाषण. पाहुणे पंचवीस मिनिटे सीमाप्रश्नावर बोलले. माझा या प्रश्नावर कुणाहून कमी जीव नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा माझे वडील मांडवात पाणी वाटत होते. पण पाहुण्यांनी तेच भाषण महिन्याभरापूर्वी आमच्या गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केले होते. फरक इतकाच की शेवटी 'खेळाडू'च्या जागी 'वैज्ञानिक' आले.

त्यातच त्यांनी सांगितले की नाशिकच्या साहित्य संमेलनात जयंत नारळीकरांचे अध्यक्षीय भाषण आपण पहिल्या रांगेत बसून त्यांच्या तोंडून ऐकले. आपण ते जसेच्या तसे, चौकटीत छापले. अहो, डिसेंबर २०२१ मधल्या त्या ९४ व्या संमेलनाला नारळीकर प्रकृतीमुळे जाऊच शकले नव्हते. तेव्हा त्यावर किती वाद झाला! आपल्याच अंकात वाचला होता. मग पाहुणे पहिल्या रांगेत बसून कोणाला ऐकत होते? वीस मे २०२५ ला नारळीकर गेले, त्यामुळे आता ते खुलासा करायला येणार नाहीत, हे पाहुण्यांनी बरोबर ओळखले.

नारळीकर कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून केलेले नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहूनही पत्नीकडून घेतली. जगात नाव झालेला माणूस, पण नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून ही खटपट. पहिले बक्षीस मिळाले ते जगतापांना. त्यांच्या फोटोला हार घालून आमच्याकडे तासभर काय वाचले, तर नावे.

साडेबारा वाजून गेल्यावर निवेदिकाबाई माइकवर म्हणाल्या, "वेळेअभावी बालमित्रांनी प्रत्येकी दोन-दोन ओळी वाचाव्यात." दोन ओळी! नातीने अंगात पुठ्ठ्याच्या खोक्याचा चंदेरी रोबो घातला होता, त्यावर मागावरच्या रिकाम्या कांड्या चिकटवलेल्या. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, कारण खोके काढायला वीस मिनिटे लागतात. ती स्टेजवर गेली, "आमच्या घरात एक जुना जॅकार्ड आहे. एके दिवशी त्याचे पुठ्ठे बदलून आले," एवढे वाचले आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. पोरगी कागद हातात धरून तशीच उभी. पुढच्या तीन ओळींतले लोक तोवर ताटे कुठे मिळतात ते बघायला उठले होते. हीच ती जिंकलेली मने.

ती कथा काय होती, ते आता मीच सांगतो. जॅकार्ड म्हणजे मागावर बसवलेले नक्षी पाडायचे यंत्र. त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढाच धागा उचलला जातो, तशी नक्षी उठते. १८०४ मधली फ्रान्समधली ही युक्ती. पुढे इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी असेच पुठ्ठे वापरायचे ठरवले. हे मी तिला मागापाशी बसून सांगितले होते. तिने पुढे रचले ते असे की चुकून आलेल्या पुठ्ठ्यांवर आजोबा साडी विणतात आणि पदरावर मोर यायच्या ऐवजी ठिपके येतात. ठिपके म्हणजे तारे. पदर म्हणजे कुणीतरी धाडलेला घरचा पत्ता. आजीला ती साडी आवडत नाही, ती म्हणते गिऱ्हाईक घेणार नाही. हे आजीचे वाक्य मात्र अस्सल आहे, आमच्या घरात रोज ऐकू येते.

जेवणानंतर व्हरांड्यात, हात धुवायच्या नळापाशी, तिने ही कथा पूर्ण वाचली. ऐकायला आठ-दहा जण. धारवाडहून दोन पोरे अंतराळवीर होऊन आली होती, त्यांना मराठी अर्धेच कळत होते. अनगोळचा एक मुलगा शेजारी उभा राहून कन्नडमधून सांगत गेला. शेवटी त्यातला एक म्हणाला, "छलो ऐती," म्हणजे छान आहे, आणि मग विचारले, नकाशा किती जुना? नात गडबडली नाही. म्हणाली, सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यावरून निघाला असला तरी चार वर्षांहून जास्त, प्रकाशालाच तेवढी लागतात. त्यावर अर्धा तास वाद. मग चार वर्षांत तिकडच्यांनी घर बदलले असले तर? दोन दिवसांत मी ऐकलेली ही एकच खरी विज्ञानकथेवरची चर्चा. आपला वार्ताहर त्या वेळी सहा पावलांवर विड्याचे पान लावत होता.

तेव्हा दुरुस्ती छापावी : मुलांनी कथा सादर केल्या नाहीत, त्यांना करू दिल्या नाहीत. आणि आठही मुलांची नावे, पालकांना विचारून, छापावीत. एकवीस मावली तिथे आठ मावतील. फेट्यांचा एक फोटो कमी केला तरी भागेल.

आपला,
एक यंत्रमागधारक वाचक,
वडगाव, बेळगाव

ता. क. : राशिभविष्य आपण रोज न चुकता देता, पण चंद्रोदयाची वेळ फक्त संकष्टीला. बाकीच्या दिवशी चंद्र उगवत नाही काय? नात रोज विचारते आणि मला गच्चीत जाऊन बसावे लागते.