अर्धा तास थांब ना

प्रिय पिंके,

तुझे तीन मेसेज तसेच पडून आहेत, तू चिडली असशील, चीड, पण आधी हे पूर्ण वाच. मला दिवस गेलेत. पंधरावा आठवडा. तब्येत बरी आहे, उलट्या थांबल्या. घरी सगळ्यांना सांगून झालं, तुलाच काहून नाही सांगितलं तर फोन हातात घेतला की रडूच यायचं.

थायरॉइड गं. माझी थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे हे तुला माहीत आहे, पण मी ती कशी घेत होते ते माहीत नाही. उठले की गोळी आणि लगेच वरून चहा, मध्ये अर्धा-एक तास थांबायचं असतं ते पाळलंच नाही. पाळी चुकली तर वाटलं लग्नघरची दगदग, ऊन, त्यामुळे असेल. सातव्या आठवड्यात टीएसएच, तोच रक्तातला आकडा जो थायरॉइड कमी पडला की वाढतो, निघाला 6.8. डॉक्टर मॅडमनी गोळी 75 ची केली आणि सांगितलं की सुरुवातीचे बारा-एक आठवडे बाळाची ग्रंथी कामाला लागलेली नसते, तोवर हे हार्मोन त्याला आईकडूनच मिळतं, मेंदूच्या वाढीला तेच लागतं, म्हणून दिवस राहिले की डोस लगेच वाढवायचा असतो. पुढचं मला ऐकूच आलं नाही. धंतोलीहून घरी येईपर्यंत ऑटोत बोटांवर आठवडे मोजत होते. सात आठवडे बाप्पा! इतके दिवस मी त्याला अर्धपोटी ठेवलं का?

अकराव्या आठवड्यात 3.1 आला, जीव भांड्यात पडला. मग आयर्न आणि कॅल्शियम सुरू झालं, मेडिकलवाला म्हणाला सकाळी सगळं एकदमच घेऊन टाका, मी घेतलं. काल रिपोर्ट आला, परत 4.2. मॅडमला हवाय अडीचच्या खाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आयर्न कधी घेता? आयर्न-कॅल्शियम सोबत गेलं की थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही, मध्ये चार तास पाहिजेत. डोस आता 88. सकाळी साडेपाचला ही, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री आयर्न. त्या म्हणाल्या तुमचा टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन, नॉर्मल होता, इतकं मनाला लावून घेऊ नका, जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचाही थायरॉइड बघतील. पटतं गं, दिवसा पटतं.

वरून महालातल्या आत्या. म्हणे गोळ्या बंद कर, बाळाला गरम पडतात. मी पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. शरीर बनवतं तेच हार्मोन आहे, माझं कमी पडून राहिलं म्हणून बाहेरून घेते, त्यात गरम काय? हा मागे उभा राहून नुसता डोळे मोठे करत होता. आणि बाटलीवर लिहिलंय थंड आणि कोरड्या जागी ठेवा. नागपुरात मे महिन्यात थंड आणि कोरडी जागा कुठून आणू सांग! ओट्यावर गॅसची धग, बेडरूममध्ये कूलरचा दमटपणा. शेवटी साड्यांच्या कपाटात ठेवली, तुझ्या त्या मोरपंखी साडीच्या घडीत, जी मी परत केली नाही आणि करणारही नाही.

आज साडेपाचला गोळी घेतली, पाणी प्यायले आणि बसले. यानं सवयीनं चहा करून समोर ठेवला. साय धरली, सुरकुतली, कपाच्या कडेला चिकटली, मी घड्याळाकडे बघत बसले. आणि हॉस्टेल आठवलं. तू पलंगावर बसून म्हणायचीस, अर्धा तास थांब ना, आणि आम्ही केपीजवळच्या, कस्तुरचंद पार्कच्या, तर्री पोह्यांसाठी गेटवर ओरडत. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, एवढ्याशा गोळीचे किती नखरे, आणि तुला सोडून गेलो. आठ दिवस बोलली नव्हतीस. मला वाटायचं तू पोह्यांसाठी रुसलीस. पिंके, माझं चुकलं गं. खूप चुकलं. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि रोज एकटी ते घड्याळ बघत होतीस.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? गोट्या भेटला होता सीताबर्डीला, तुझं विचारत होता, मी काही सांगितलं नाही.

एक सांग मात्र, खरं खरं. छोटीच्या वेळी तुझा टीएसएच किती होता सुरुवातीला? आणि तुला रात्री झोप लागायची का? फोन कर, पण साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये कर, तेव्हा मी बसलेलीच असते.

तुझीच,
मनू